सायकलवरची गुप्त तपासणी

विजापूरचा गोलघुमट सायकलवरून जाऊन बघायचा, हे प्रेरणानं जाहीर केलं तेव्हा मी भाकरी खात होतो, आणि तोंडात घास असल्यामुळे गप्प बसलेल्या नवऱ्याची संमती धरून चालायची आमच्या घरची पद्धत आहे. घास गिळून मी 'अगं पण' म्हणेपर्यंत ठराव पास होऊन ती ताटं उचलायला लागली होती.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या उन्हाळ्यातली. मी सीमाभागातल्या हुमनाबादला सरकारी हायस्कूलच्या मराठी माध्यमाच्या वर्गांना गणित शिकवतो आणि प्रेरणा बाळंतिणींच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. त्या फेब्रुवारीत हायवेवरच्या ढाब्यावर तिला एक परदेशी नवराबायको भेटले. दोघं सायकलवर, सायकलींना चारही बाजूंनी पिशव्या, आणि तोंडं भाजलेल्या वांग्यासारखी. बाई बासष्ट वर्षांची होती. हे वय प्रेरणानं बोटांवर दोनदा मोजून घेऊन पक्कं केलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात त्या बाईचा उल्लेख नात्यातल्या माणसासारखा व्हायला लागला. मी गुडघा धरून उठलो की 'ती बाई बासष्टची हाय', मी दुकानाला जायला रिक्षा थांबवली की 'ती बाई बासष्टची हाय.' मी त्रेचाळीसचा होतो.

तरी मी विरोध केलाच. मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, अडीचशे किलोमीटर सायकल मारणं हे शहाण्या माणसाचं लक्षण नाही, असं मी तिला समजावून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "आपण दोघं मिळून आजपातूर कुठं कुठं गेलाव सांगा. लग्नाला, मयताला आन दवाखान्याला. नुस्तं जायचं म्हणून कुठं गेलाव का?"

मी आठवायला लागलो. आमच्या जिल्ह्यातल्या कल्याणचा किल्ला आठवला आणि मी विजयी मुद्रेनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात हेही आठवलं की तिथं मी निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेलो होतो आणि प्रेरणा सोबत नव्हती.

एकदा हरल्यावर मात्र मी काम मनावर घेतलं. दोनशे पानी वही आणून तिच्यात वेळापत्रक आखलं. वेग ताशी बारा किलोमीटर धरला. या वेगानं मी बावीस वर्षं सायकलस्वार पाठवत आलोय. ते सकाळी सहाला एका गावाहून निघतात आणि दुसऱ्या गावाहून निघालेल्या सायकलस्वाराला वाटेत भेटतात. त्यांतला एकही उन्हानं आडवा पडल्याचं कधी माझ्या ऐकिवात आलं नव्हतं. पहिला मुक्काम मुडबी, दुसरा खजुरी, म्हणजे प्रेरणाचं माहेर, आणि तिथून पुढं तीन दिवसांत विजापूर. माझी काळी दांडीची सायकल तेलपाणी करून तयार झाली, आणि प्रेरणासाठी एक जुनी लेडीज सायकल मिळवली.

मग शेजारी आले. समोरच्या घरात गुरुशांतप्पा राहतात. ते बसस्टँडवर कंट्रोलर होते आणि रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी गल्लीतलं कुणी पिशवी घेऊन बाहेर पडलं की त्याला गाडी कितीची आणि कुठल्या फलाटावर, हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आम्ही सायकलवर जाणार हे त्यांनी खात्याचा अपमान म्हणून घेतलं. सलग तीन संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून त्यांनी मला विजापूरच्या सगळ्या गाड्या पाठ करून दाखवल्या. "सर, दोन जागी बदलायचं, संध्याकाळी घुमटासमोर. हे असलं कामून करायलाव?" असं ते दर गाडीनंतर विचारायचे. शेजारच्या विमलबाईंनी अपमान वगैरे मानला नाही. त्या आत येऊन प्रेरणाच्या कानाला लागल्या आणि सरांची नोकरी गेली का, असं त्यांनी विचारलं. गेली नाही म्हटल्यावर त्यांना जास्तच वाईट वाटलं. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, म्हणून विजापूरपर्यंतच्या उन्हाचा अंदाज घेऊन त्यांनी तीन किलो कांदे आणून दिले. ते माझ्या सायकलला बांधले गेले.

राहिली होती परवानगी. सरकारी माणसानं मुख्यालय सोडताना अर्ज द्यायचा असतो, सुट्टी असली तरी. मी सोडून हा नियम कुणी पाळल्याचं मला माहीत नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला आणि 'प्रवासाचे साधन' या रकान्यावर येऊन ते थांबले. तिथं मी 'सायकल' लिहिलं होतं. या रकान्यात आजवर कुणी सायकल लिहिलेली नाही, वर गेल्यावर शंका निघतील, तुम्ही बस लिहा, असं त्यांचं म्हणणं पडलं. खोटं कसं लिहायचं, असं मी म्हणालो. त्यांनी बराच विचार केला आणि अर्ज घडी करून माझ्या हातात परत दिला. मग काहीच लिहू नका, तोंडी जावा, असा त्यांनी निर्णय दिला. अशा रीतीनं मी तोंडी गेलो.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. गुरुशांतप्पा फाटकात उभे राहून आमच्याकडं सुटलेल्या बसकडं बघावं तसे बघत होते. पहिला तास बरा गेला. लॉऱ्यांचा रस्ता सोडून आम्ही आतल्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना तूर काढून मोकळी झालेली रानं, मधेच एखादा उसाचा हिरवा तुकडा, चिंचेच्या झाडाखाली बसलेली शेरडं. हे सगळं फार सुंदर आहे असं प्रेरणानं मला मागं वळून सांगितलं. मागं वळून, कारण ती पुढं होती. मी आधी हे कौतुकानं घेतलं, मग कांद्यांवर ढकललं, आणि आठ वाजता ती दोन फर्लांग पुढं गेल्यावर मान्य केलं की तिला सायकल चांगली येते. मला हे लग्नाला सोळा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. लहानपणी खजुरीत भावाची सायकल चोरून चालवायची आणि त्यापायी मार खायची, हे तिनं मला त्या दिवशी सांगितलं, तेही ओरडून, कारण अंतर फार होतं.

बाई पुढं आणि बुवा घामाघूम होऊन मागं, या देखाव्याचा लोक एकच अर्थ काढत होते. एका चिंचेखाली बसलेल्या म्हाताऱ्यानं मला हात करून थांबवलं, पाणी दिलं आणि मायेनं सांगितलं, "असं मागं मागं जाऊन उपेग न्हाई, बाबा. दोन दिस ऱ्हाऊ दे माहेरात. आपली आपुन येतीय."

मी त्याला खरं सांगायला हवं होतं. पण ती खरोखरच माहेराकडं चालली होती, आणि खरं सांगायचं तर दम लागतो. मी मान हलवली आणि निघालो.

मुडबीला वेळापत्रकाप्रमाणे सव्वानऊला पोचायचं होतं, पोचलो साडेबाराला. पारावर सायकली टेकवल्या तशी माणसं जमली. दोन सायकली, पिशव्या, चष्मेवाला माणूस, त्याच्या हातात लांबडी वही आणि बाईच्या खांद्याला औषधांची पिशवी. रेशनकार्डाचे का, असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं पोलिओ सांगितला. तिसऱ्याच्या मते आम्ही रोजगार हमीवाले होतो. आम्ही फिरायला निघालोय, असं प्रेरणानं सांगितलं. तो तिसरा माणूस समजुतीनं हसला आणि म्हणाला, "ते झालं हो. काम काय हाय?"

हाच प्रश्न आम्हाला पुढचे दोन दिवस सगळीकडं विचारला गेला. मौज म्हणून, असं मी एकदा म्हणून बघितलं. मौज नावाच्या कुठल्या तरी सरकारी योजनेची त्यांनी बराच वेळ आपसात चर्चा केली आणि तिचे फॉर्म कधी मिळतील, असं मला विचारलं. मुडबीत माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही मुक्काम केला, आणि तिथून सकाळी निघताना बरोबर तीन माणसांनी आम्हाला जवळचा रस्ता दाखवला. तिघांचे तीन रस्ते होते. आम्ही मधला निवडला.

त्या रस्त्यानं आम्ही ज्या गावात पोचलो त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. फाईल बंद झालीय असं मला तोंडी सांगितलेलं आहे, लेखी अजून काही आलेलं नाही.

दहा वाजले होते. त्याआधी माझ्या पुढच्या चाकात बाभळीचा काटा शिरला होता, मी रस्त्याकडेला बसून पंक्चर काढलं होतं, हवा भरून झाल्यावर त्याच चाकात दुसराही काटा असल्याचं कळलं होतं, आणि या दोन्ही कामांत बाटल्यांतलं पाणी संपलं होतं. गावाच्या तोंडाशी पहिलंच घर चंद्रम्मांचं. प्रेरणानं पाणी मागितलं. पन्नाशीची ती बाई क्षणभर घुटमळली, मग आत जाऊन तांब्या घेऊन आली. आम्ही तो संपवला. तिनं दुसरा आणला. तोही आम्ही संपवला, वर मी थोडं पाणी तोंडावर मारलं. प्रेरणा तांब्या परत द्यायला आत गेली आणि तिथंच उभी राहिली. तिनं मला बोलावलं. आत सहा घागरी ओळीनं मांडलेल्या होत्या आणि सहाही रिकाम्या होत्या. बाजूच्या सातव्या घागरीच्या तळाचं पाणी आमच्या पोटात आणि माझ्या तोंडावर होतं.

बोअरची मोटर मार्चमध्ये जळाली, असं चंद्रम्मांनी सांगितलं. पंचायतीत सांगून झालं, उद्या उद्या म्हणत दोन महिने गेले. आता अडीच किलोमीटरवरच्या एका मळ्यातल्या विहिरीवरून आणायचं. तेही तिथल्या मोटरला लाईट असेल तेव्हाच. हे सगळं तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. घरात पाहुणे आल्यावर साखर नसल्याचं सांगावं, तसं ओशाळून सांगितलं.

प्रेरणा बाहेर आली आणि माझ्या सायकलवरच्या पिशव्या सोडायला लागली. काय करतेस, असं मी विचारलं. "पाणी प्यालाव न्हवं," ती म्हणाली, "आता भरून द्या."

मी नाही म्हणालो नाही. पण कॅरिअरला दोरीनं चार घागरी बांधून भर उन्हात कच्च्या रस्त्यानं सायकल ढकलणं हे काम किती कौशल्याचं आहे, याची मला कल्पना नव्हती. जाताना घागरी रिकाम्या होत्या, तेव्हा मी प्रेरणाला पाण्याचं वजन आणि तोल यांविषयी दोन गोष्टी समजावून सांगितल्या. येताना त्या भरलेल्या होत्या आणि मी काही बोललो नाही. विहिरीपासून शंभर पावलांवर सायकल एका बाजूला झुकली, मी दुसऱ्या बाजूला ओढली, तिनं माझं ऐकलं आणि ती माझ्या अंगावर आली. चारही घागरी माझ्यावर रिकाम्या झाल्या. विहिरीवरच्या बायका आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग त्यांनी पदर काढला. बारा वर्षांची एक पोरगी आपली सायकल एका हातानं सावरत माझ्याजवळून गेली. तिच्या कॅरिअरला पाच घागरी होत्या. दुसऱ्या खेपेला मी दोनच बांधल्या आणि दीड घागर पाणी गावात पोचवलं.

गावात तोवर वेगळंच घडलं होतं. साहेब लोक सायकलवर आलेत, पाणी किती लांबून आणावं लागतं हे स्वतः भरून बघायलेत, अशी बातमी सगळीकडं झाली होती. मी चिखलानं भरलेला, चष्म्याची एक काडी वाकडी, सायकल ढकलत वेशीत शिरलो तेव्हा समोर पन्नाससाठ माणसं उभी होती आणि त्यांतल्या पुरुषांनी हात जोडले. एवढा मान मला नोकरीत कधी मिळालेला नाही. दुर्दैवानं तो माझा नव्हता.

राघोबा नावाचे एक वयस्कर गृहस्थ पुढं झाले. ते पूर्वी गावच्या दूध डेअरीचे सेक्रेटरी होते आणि कागदाची भाषा त्यांना येत होती. साहेबांनी डोळ्यांनी बघितलं, आता लिहून घ्यावं, असं ते म्हणाले. मी साहेब नाही, मास्तर आहे, असं मी सांगितलं. गुप्त तपासणीला आलेले असंच सांगतात, हे राघोबांना ठाऊक होतं. त्यांनी ते गावाला समजावून सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी प्रेरणाला लिंबाच्या झाडामागं नेलं. सरकारी नोकरानं अधिकारी असल्याचं भासवणं म्हणजे काय, हे मी तिला सांगितलं. सस्पेन्शन, चौकशी, पेन्शन, सगळं सांगितलं. परवानगीचा अर्ज माझ्याच खिशात आहे, म्हणजे मी कायद्यानं या क्षणी हुमनाबादमध्ये आहे, हेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी सरकारी हाव. मी न्हाई," ती म्हणाली. "वही आणा इकडं."

तिनं पारावर बसून वही उघडली. विजापूरच्या वेळापत्रकाची पानं मागं टाकली आणि कोऱ्या पानावर लिहायला लागली. मोटर कधी जळाली, कुणाला सांगितलं, विहीर किती लांब, खाली नावं. नाव सांगायला माणसं रांगेनं आली. कुणी आडनावासकट सांगितलं, कुणी घराण्यासकट. एका म्हातारीनं मुंबईला गेलेल्या दोन लेकांचीही नावं लिहायला लावली, ते आले की त्यांनाही पाणी लागतं म्हणून. ज्यांना सही येत नव्हती त्यांच्यासाठी राघोबांनी घरून डेअरीच्या काळातलं शाईचं पॅड आणलं, त्यावर दोन थेंब पाणी टाकलं आणि ते पुन्हा जिवंत झालं. पाणी टाकताना ते थेंबसुद्धा त्यांनी बोटांवर घेऊन टाकले, हे मला दिसलं. तोवर दोघातिघांनी प्रेरणाच्या पिशवीतलं बीपीचं यंत्र बघितलं होतं, त्यामुळे दुसरी रांग लागली. मी झाडामागंच उभा होतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस कुणी वेगळाच आहे, अशा बेतानं उभा होतो. शेवटी वहीत एकशे तेरा नावं झाली आणि विमलबाईंचे कांदे चंद्रम्मांच्या घरी राहिले.

खजुरीला आम्ही दिवस मावळताना पोचलो. सासूबाई, सुभद्राबाई, अंगणात धान्य निवडत होत्या. लेक सायकलवरून उतरतेय आणि जावई चिखलात बुडून मागं येतोय, हे बघून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि रडायला सुरुवात केली. नोकरी गेली तर जाऊ दे, म्हणाल्या, आपलं दोन एकर हाय. त्यांना समजावण्यात रात्रीचं जेवण गेलं. रविवारी मी पडून राहिलो. माझ्या अंगात दुखत नाही अशी जागा शोधायचा मी प्रयत्न केला, आणि कानाच्या पाळ्या सोडल्या तर सापडली नाही. वही उशाशी होती. प्रेरणानं ती पुन्हा वाचून काढली, खाली रेघ मारली आणि सोमवारी कचेरी उघडते, एवढंच म्हणाली. विजापूरचं नाव तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही.

सोमवारी आम्ही तालुक्याच्या गावाला गेलो. कचेरीत टेबलामागं एक क्लार्क बसले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांच्या टेबलावर आधीच पुष्कळ वह्या होत्या. प्रेरणानं वहीतला अर्ज पुढं केला. त्यांनी विचारलं, तुम्ही त्या गावच्या का. नाही. तालुक्यातल्या का. माहेर तालुक्यातलं, असं तिनं सांगितलं. लग्न झाल्यावर माहेर धरत नाहीत, असं ते म्हणाले, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता, रकानाच तसा होता. मग कुठल्या संघटनेच्या का. नाही. मग कशाच्या. फिरायला निघालो होतो, असं प्रेरणानं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला. कुणीतरी जबाबदार माणसाची सही हुद्द्यासकट लागेल, नाहीतर हा कागद कुणाचा म्हणून धरायचा, असं त्यांनी विचारलं.

या वेळी मी दाराजवळ भिंतीवरची नोटीस वाचत होतो. ती तीन वर्षांपूर्वीच्या जनावरांच्या लसीकरणाची होती. मी ती चार वेळा वाचली. प्रेरणानं माझ्याकडं वळून बघितलं नाही. तिनं बघितलं असतं तर मी रागावलो असतो, मला अडकवते म्हणून, आणि त्या रागाच्या भरात बाहेर जाऊन बसलो असतो. पण ती त्या माणसाला परत पहिल्यापासून सांगायला लागली, त्याच शांत आवाजात, मार्चमध्ये मोटर जळाली इथपासून. तिच्या चपलांना अजून त्या विहिरीवरचा चिखल होता. मला त्या सहा घागरी आठवल्या, आणि आपण वर तोंडावर पाणी मारलं होतं हे आठवलं.

मी टेबलाशी गेलो आणि पेन मागितला. राजपाल, सहशिक्षक, गणित, असं लिहून शाळेचं नाव लिहिलं आणि सही केली. सही नेहमीपेक्षा वाकडी आली. क्लार्कनं हुद्दा वाचला, शिक्का मारला आणि पोच दिली. बाहेर आल्यावर मी पायरीवर बसलो. प्रेरणा शेजारी बसली. तिनं पदरानं माझ्या चष्म्याची काच पुसली.

आम्ही घरी बसनं आलो. सायकली टपावर. स्टँडवर गुरुशांतप्पा होते. गाडी वेळेवर आल्याचं घड्याळात बघून त्यांनी समाधान व्यक्त केलं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि चौथ्या दिवशी मेमो आला. मुख्यालय सोडून, कुठल्याही आदेशाशिवाय, सायकलवरून गावांची गुप्त तपासणी केल्याबद्दल खुलासा करावा. मुख्याध्यापकांनी तो मला हातरुमालात धरून दिला. मी तुम्हाला जा म्हणालोच नव्हतो, हे त्यांनी तोंडी सांगितलं.

खुलाशाला खात्याच्या कचेरीत गेलो तेव्हा समोर एक शांत, जाडजूड अधिकारी होते. त्यांनी फाईल उघडली. कुणाच्या आदेशानं गेला होता, असं त्यांनी विचारलं. बायकोच्या, असं मी सांगितलं. बाई कुठल्या खात्यात, त्यांनी पेन उचलत विचारलं. मग मी सगळं सांगितलं, बासष्ट वर्षांच्या बाईपासून. ते ऐकून घेत होते, पण कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हे त्यांना कळेना. फिरणं, मौज, हे लिहिलं तर वरचे विचारतील की यात लपवलंय काय. त्यांना माझं बरं करायचं होतं. "सर, वैद्यकीय सल्ल्यावरून, असं लिहा. नाहीतर नवस लिहा. नवसाला कुणी काही म्हणत न्हाई," ते म्हणाले.

मी दुसऱ्यांदाही लगेच खोटं लिहायला नाही म्हणालो असतो तर ते शौर्य झालं असतं. पण खरं सांगतो, मी नवस लिहायला पेन टेकवला होता. मग माझ्या डोळ्यांसमोर प्रेरणा आली, हा खुलासा वाचताना. मी लिहिलं: 'मी व माझी पत्नी मौजेसाठी सायकलवरून विजापूरला निघालो होतो. पोचलो नाही.' खाली सही केली. ही सही सरळ आली.

अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं, फाईल मिटली, ताकीद देऊन प्रकरण संपवतो म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "बाई खरंच पुढं होत्या?" मी होय म्हणालो. त्यांनी मान हलवली. उठताना त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. गुप्त तपासणी होऊन गेल्याचं कळल्यावर त्या गावच्या पंचायतीनं चार दिवसांत मोटर बसवली होती, आणि काम पूर्ण झाल्याचा अहवाल नक्की कुठल्या खात्याला पाठवायचा, अशी वर विचारणा केली होती. त्या विचारणेतूनच, अर्जाखालची माझी सही सापडून, माझा मेमो निघाला होता.

प्रेरणाचा यावर विश्वास बसला नाही. कागदावर मोटरी कधीही बसतात, असं ती म्हणाली. म्हणून त्या रविवारी आम्ही सायकली टपावर टाकून मुडबीपर्यंत बसनं गेलो आणि तिथून सकाळच्या उन्हात सायकलवर निघालो. पावसाचा अजून पत्ता नव्हता. या वेळी मी वेळापत्रक केलं नव्हतं. पण वाटेत मनाशी चार वाक्यं तयार केली होती. गावकऱ्यांनी आभार मानले तर काहीतरी बोलावं लागेल. यात माझं काही नाही, हे सगळं तुमच्या एकीमुळे झालं, अशा अर्थाची ती होती. नारळ वगैरे दिला तर घ्यायचा नाही, असंही मी ठरवलं होतं, आणि फारच आग्रह झाला तर घ्यायचा.

वेशीतूनच आवाज आला. पारासमोर टाकीच्या नळाला जाड धार होती आणि तिच्यासमोर घागरींची रांग चावडीपर्यंत गेली होती. बायका बोलत होत्या, भांडत होत्या, घागरी पुढं सरकवत होत्या. मी सायकलवरून उतरलो, दोन्ही सायकली नीट शेजारी शेजारी उभ्या केल्या, शर्ट झटकला आणि घसा साफ केला. कुणी बघितलं नाही. राघोबा पारावर बसून विडी ओढत होते. त्यांनी लांबून हात वर केला आणि विडी ओढत राहिले. मी वळून बघितलं तर प्रेरणा कधीच धारेशी पोचली होती, कुणाची तरी घागर उचलून तिच्या डोक्यावर देत होती आणि एका बाईला तिच्या सुनेला कितवा महिना ते विचारत होती.

चंद्रम्मा कमरेवर घागर घेऊन माझ्यासमोर आल्या. मला ओळखून त्या हसल्या. मी पहिलं वाक्य जुळवलं.

"सर," त्या म्हणाल्या, "सायकली जरा बाजूला घ्या. रांग मोडायलीय."

मी दोन्ही सायकली एकेक करून लिंबाखाली नेल्या. रांग सरळ झाली.